संगणकावरील त्रिमिती चित्रणाचा श्रीगणेशा

दहावी-बारावीचे निकाल जाहीर झाले की तालुक्याच्या ठिकाणी बसस्थानकांच्या भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अॅनिमेशनच्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकलेची आवड असलेले मूल घरात असले म्हणजे पालकांचे लक्ष तिकडे वेधले जाणे स्वाभाविकच होय. सल्ल्यासाठी ते शाळेतील शिक्षकांकडे, ग्रामपंचायतीच्या जाणत्या सदस्यांकडे अथवा ओळखीच्या अधिकाऱ्यांकडे येतात. शुल्क पुष्कळ वेळा मोठे असते. त्यासाठी प्रसंगी कर्ज काढावे लागते. परंतु ज्या विद्येसाठी हा खर्च करावयाचा, तिचे स्वरूप काय आणि ती आपल्या पाल्याच्या प्रकृतीस मानवेल काय, याची कल्पना पालकांना क्वचितच असते. सल्ला देणाऱ्यासही ती असतेच असे नाही.

वस्तुतः या विद्येचे पहिले पाठ कोणत्याही शुल्कावाचून गिरविता येतात. त्यासाठी लागणारे साधन आज विनामूल्य उपलब्ध आहे. तीन-चार महिने नेटाने सराव केला तर विद्यार्थ्यास आपली आवड खरी आहे की केवळ चित्रपट पाहून आलेले आकर्षण आहे, हे स्वतःलाच उमगते. शुल्क भरण्याचा निर्णय त्यानंतर घेणे हेच शहाणपणाचे ठरेल. हे पहिले पाठ कोणते आणि ते कोणत्या क्रमाने घ्यावयाचे, याचा परिचय येथे करून देण्यात येत आहे.

त्रिमिती म्हणजे काय?

कागदावर काढलेल्या चित्राला लांबी आणि रुंदी असते. संगणकावरील त्रिमिती चित्रणात या दोहोंना खोलीची जोड मिळते. कागदावर तांब्याचे चित्र काढले तर त्याची मागील बाजू पाहण्यासाठी दुसरे चित्र काढावे लागते. त्रिमिती पद्धतीत तांब्याचे चित्र काढावयाचे नसते, तर प्रत्यक्ष तांब्याच संगणकाच्या स्मृतीत घडवावयाचा असतो. एकदा तो घडविला की मागून, पुढून, वरून, कोठूनही पाहता येतो. त्यावर प्रकाश टाकता येतो व त्यास हलविताही येते. म्हणून या विद्येचे नाते जितके चित्रकाराशी, तितकेच कुंभाराशी, सुताराशी आणि मूर्तिकाराशी आहे.

या कामाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. वस्तूचा आकार घडविणे हा पहिला, यास मॉडेलिंग म्हणतात. त्या आकारास रंग, पोत व प्रकाश देणे हा दुसरा. त्यास गती देणे, म्हणजे अॅनिमेशन, हा तिसरा. आणि या सर्वांचा हिशेब करून संगणकाकडून अंतिम चित्र तयार करवून घेणे हा चौथा. यास रेंडरिंग किंवा चित्रांकन म्हणता येईल.

काड्यांच्या खेळापासून संगणकापर्यंत

निर्जीव वस्तूस पडद्यावर सजीव करण्याची ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. त्यात आगपेटीच्या काड्या आपण होऊन हलताना दिसत. काडी किंचित सरकवावयाची, एक चौकट टिपावयाची, पुन्हा सरकवावयाची, अशी ही पद्धत होती. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपट विभाग सुरू झाला. डिस्ने संस्थेतील अनुभवी कलावंत क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना प्रशिक्षण दिले. राम मोहन यांच्यासारखे पुढे नामवंत झालेले कलावंत याच विभागात घडले.

संगणकाच्या साहाय्याने हेच काम करण्याचे प्रयत्न प्रामुख्याने अमेरिकेतील विद्यापीठांत झाले. युटा विद्यापीठात १९७२ मध्ये एड कॅटमल आणि फ्रेड पार्क या विद्यार्थ्यांनी मानवी हाताचा त्रिमिती आकार संगणकात उतरवून त्याची हालचाल दाखविली. त्याच विद्यापीठातील मार्टिन नेवेल यांना १९७५ मध्ये प्रयोगासाठी एक ओळखीचा, वळणदार आकार हवा होता. त्यांनी घरातील चहाची किटली समोर ठेवली आणि तिचा आकार संगणकात उतरविला. ती किटली पुढे जगभरातील प्रयोगशाळांत नमुना म्हणून वापरली गेली. १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटसृष्टीत एवढी उलथापालथ घडविणाऱ्या या विद्येच्या आरंभकाळात एक हात आणि एक किटली होती, ही गोष्ट नवशिक्याने अवश्य ध्यानात ठेवावी. पहिल्याच दिवशी राक्षस आणि राजवाडे घडवावयास जाणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

लोकवर्गणीतून मुक्त झालेले साधन

या कामासाठी माया, थ्रीडीएस मॅक्स यांसारख्या अनेक संगणक प्रणाली आहेत. व्यवसायात त्यांचा मोठा वापर होतो, परंतु त्यांचे परवाना शुल्कही मोठे असते. त्यांच्या उत्पादकांकडून पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणापुरती सवलत मिळते. तथापि प्रारंभासाठी ‘ब्लेंडर’ ही प्रणाली सर्वांत सोयीची होय. ती पूर्णतः विनामूल्य असून शाळा, कार्यालय, व्यवसाय यांपैकी कोठेही वापरण्यास मोकळीक आहे. तिच्या साहाय्याने केलेल्या कामावर करणाऱ्याचाच हक्क राहतो.

ही मोकळीक कशी मिळाली याचा इतिहास ग्रामविकासात काम करणाऱ्यांस जवळचा वाटेल असा आहे. ब्लेंडरचा प्रारंभ १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये टॉन रोझेनडाल यांनी केला. पुढे तिच्या विक्रीसाठी स्थापन झालेली कंपनी २००२ मध्ये बंद पडली आणि प्रणालीचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकून राहिले. ते सोडविण्यासाठी १ लाख युरोंची आवश्यकता होती. रोझेनडाल यांनी वापरकर्त्यांना वर्गणीचे आवाहन केले आणि अवघ्या सात आठवड्यांत ही रक्कम उभी राहिली. ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सर्वांसाठी खुली झाली. गावच्या विहिरीप्रमाणे तिच्यावर आता कोणा एकाची मालकी नाही. जो येईल त्याने पाणी भरावे आणि जमेल त्याने गाळ काढण्यास हात लावावा, अशी तिची व्यवस्था आहे.

विनामूल्य म्हणजे दुय्यम, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांचा ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्ये तयार झाला. त्यास २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. शाळेच्या संगणक कक्षात जी प्रणाली उतरवून घेता येते, तीच या चित्रपटामागे होती.

आवश्यक साधनसामग्री

ब्लेंडरच्या अलीकडच्या आवृत्त्यांसाठी किमान ८ जीबी स्मृती आणि साधारण प्रतीचे चित्र-कार्ड असलेला संगणक लागतो. यापेक्षा जुना संगणक असेल तर ब्लेंडरच्या अधिकृत संकेतस्थळावर जतन केलेली जुनी आवृत्ती घ्यावी. पहिले पाठ तिच्यावरही होतात. विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर ही प्रणाली चालते. प्रणाली अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. कोणी विकत देऊ केल्यास किंवा अनोळखी ठिकाणाहून उतरविण्यास सांगितल्यास नकार द्यावा.

याखेरीज मधले चाक असलेला माऊस अत्यावश्यक आहे. मधले चाक दाबून माऊस फिरविला असता दृश्य सर्व बाजूंनी पाहता येते. त्यावाचून काम अवघड होते. अंकांची स्वतंत्र कळपट्टी असल्यास उत्तम, कारण तिच्यावरील १, ३ आणि ७ या कळांनी वस्तू अनुक्रमे समोरून, बाजूने आणि वरून पाहता येते. चौथी गरज साध्या वहीची आहे. प्रणालीतील आज्ञा इंग्रजीत असल्याने ग्रामीण विद्यार्थी प्रथम बिचकतो. रोज चार-पाच आज्ञा घेऊन त्यांचे काम मराठीत वहीत लिहून ठेवल्यास महिनाभरात ही अडचण दूर होते.

शिक्षणासाठी चित्रफितींचे पाठ विपुल आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमातही ब्लेंडरचे पाठ तयार करण्यात आले आहेत. पाठ निवडताना एक खबरदारी घ्यावी. २०१९ मध्ये २.८० या आवृत्तीपासून ब्लेंडरची पडद्यावरील मांडणी बरीच बदलली. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर आधारलेला पाठ आणि समोरची नवी प्रणाली यांचा मेळ बसत नाही आणि विद्यार्थी स्वतःस दोष देऊ लागतो. पाठाची आणि प्रणालीची आवृत्ती शक्यतो जुळती ठेवावी.

पहिला पाठ : तांब्या

ब्लेंडर उघडताच पडद्यावर एक घन दिसतो. त्याला ८ कोनबिंदू, १२ कडा आणि ६ पृष्ठे असतात. बिंदू, कडा आणि पृष्ठे हीच या विद्येची मुळाक्षरे होत. कितीही गुंतागुंतीचा आकार असो, अखेरीस तो यांचाच बनलेला असतो. विद्यार्थ्याने प्रथम या घनावरच हात बसवावा. जी या कळेने वस्तू सरकते, आर या कळेने फिरते आणि एस या कळेने लहान-मोठी होते. टॅब ही कळ दाबली की वस्तूचे सुटे बिंदू हाताळता येतात आणि ई या कळेने एखादे पृष्ठ ओढून बाहेर काढता येते. या पाच कळांच्या आधारे पहिल्या आठवड्यात पाट, टेबल, बाकडे, साधे कौलारू घर असे आकार सहज होतात.

त्यानंतर तांब्या घ्यावा. तो घराघरांत आहे, हाताळून पाहता येतो आणि पट्टीने मोजता येतो. प्रथम कागदावर त्याच्या एका बाजूची बाह्यरेषा काढावी. तीच रेषा संगणकावर दहा-बारा बिंदूंनी उतरवावी आणि मध्यअक्षाभोवती पूर्ण फेरा फिरवावी. कुंभाराच्या चाकावर जे घडते तेच येथे घडते. या साधनास ‘स्पिन’ असे नाव आहे. फेऱ्याचे टप्पे ८ ठेवले तर तांब्या अष्टकोनी दिसतो आणि ३२ ठेवले तर गोल भासू लागतो. बहुभुजाकृतीच्या बाजू वाढवीत नेल्या असता ती वर्तुळाच्या जवळ जाते, हा भूमितीतील सिद्धांत विद्यार्थ्यास येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

येथे दोन चुका हमखास होतात. फेऱ्याची पहिली आणि शेवटची रेषा एकमेकींवर येऊन बसते. ती जोडून न घेतल्यास तांब्यावर उभी शिवण दिसते. दुसरे असे की प्रत्येक पृष्ठास आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात. काही पृष्ठे उलटी झाली तर त्या ठिकाणी काळपट डाग पडतात. दोन्ही चुका एकेका आज्ञेने दुरुस्त होतात. परंतु त्या का होतात हे समजून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

दुसरा पाठ : रंग, प्रकाश आणि कॅमेरा

घडविलेला तांब्या प्रथम करड्या रंगाचा, निर्जीव दिसतो. त्याला तांब्याचा रंग दिला तरी तो रंगविलेल्या मातीसारखाच वाटतो. कारण धातू ओळखू येतो तो केवळ रंगाने नव्हे, तर त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने. ब्लेंडरमध्ये वस्तूचा धातूपणा आणि खडबडीतपणा ० ते १ या दरम्यानच्या अंकांनी ठरविता येतो. चिंचेने नुकत्याच घासलेल्या तांब्याचा खडबडीतपणा कमी असतो. वापरून मळलेल्याचा अधिक. दोन्ही तांबे शेजारी ठेवून त्यांतील फरक संगणकावर उतरविणे हा उत्तम सराव होय.

प्रकाशासाठी प्रथम एकच दिवा वापरावा. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड कोणत्या बाजूने येतो, सावली किती लांब पडते आणि तिची कडा कोठे धूसर होते, हे पाहून दिवा ठेवावा. राज्यातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांस बसलेल्या विद्यार्थ्यांनी छायाप्रकाशाचा अभ्यास केलेला असतो. तो येथे उपयोगी पडतो. या कारणाने संगणक शिक्षकाबरोबर चित्रकला शिक्षकाचा सहभाग मोलाचा ठरतो.

तिसरा पाठ : चेंडूची उसळी

गती शिकण्यासाठी जगभर पहिला धडा दिला जातो तो चेंडूच्या उसळीचा. चित्रपटात सेकंदास २४ चौकटी दाखविण्यात येतात. हाताने अॅनिमेशन करणारास बहुतेक चौकटी काढाव्या लागत. संगणकास केवळ मुख्य चौकटी सांगाव्या लागतात; मधल्या चौकटी तो स्वतः भरतो. या मुख्य चौकटीस ‘की-फ्रेम’ म्हणतात.

समजा, चेंडू सुमारे १२२ सेंटीमीटर उंचीवरून सोडला. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार तो अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चौकटींत जमिनीवर पोहोचतो. विद्यार्थी पहिल्या चौकटीत चेंडू वर ठेवतो, तेराव्या चौकटीत जमिनीवर ठेवतो आणि चित्र चालवून पाहतो. चेंडू खाली येतो खरा, पण पाण्यात बुडणाऱ्या वस्तूप्रमाणे अलगद येतो. यात संगणकाची चूक नाही. वेगळे काही सांगितले नाही तर तो हालचालीचा आरंभ आणि शेवट दोन्ही संथ करतो, आणि निम्म्या वेळात चेंडू बरोबर निम्म्या अंतरावर असतो. निसर्गात तसे घडत नाही. तीन-तीन चौकटींच्या अंतराने मोजले तर पडणारा चेंडू अनुक्रमे सुमारे ८, ३१, ६९ आणि १२२ सेंटीमीटर खाली आलेला असतो. निम्म्या वेळात त्याने केवळ एक चतुर्थांश अंतर तोडलेले असते, आणि जमिनीवर आदळतो त्या क्षणी त्याचा वेग सर्वाधिक असतो.

हा फरक दुरुस्त करण्यासाठी ब्लेंडरमध्ये आलेखाची सोय आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर उंची अशी वक्ररेषा समोर येते. जमिनीच्या ठिकाणी ती गोलाकार न ठेवता टोकदार करावयाची. तसे करताच चेंडू खराखुरा आपटतो. विज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेले सूत्र येथे डोळ्यांना पटते किंवा खटकते, आणि ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. भिंतीवर खडूने दर दहा सेंटीमीटरवर रेघा ओढून तिच्यासमोर चेंडू टाकावा आणि मोबाइलवर त्याचे चित्रण करावे. हे चित्रण बहुधा सेकंदास ३० चौकटींचे असते. ते चौकटीगणिक थांबवून पाहिले असता संगणकावरील चेंडूशी त्याची तुलना करता येते.

रबरी चेंडू, लोखंडी गोळा आणि फुगा हे तिन्ही आकार संगणकावर सारखेच गोल असतात. एकाच रंगाचे ठेवूनही केवळ हालचालीवरून कोणता कोणता हे प्रेक्षकास ओळखता आले, तर विद्यार्थ्यास अॅनिमेशनचे मर्म गवसले असे समजावे.

चित्रांकन आणि विजेचा भरवसा

अखेरचा टप्पा वेळ खाणारा असतो. दहा सेकंदांच्या चित्रासाठी २४० चौकटी लागतात. एका चौकटीस २ मिनिटे लागली तरी ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास संगणक चालू राहतो. ब्लेंडरमध्ये यासाठी दोन प्रमुख पद्धती आहेत. ‘सायकल्स’ ही प्रकाशकिरणांचा बारकाईने हिशेब करणारी, पण संथ. ‘ईव्ही’ ही जलद. आरंभी ईव्ही पुरेशी आहे. ‘फ्लो’ या चित्रपटासाठीही तीच वापरण्यात आली.

ग्रामीण भागात वीज मध्येच जाण्याचा संभव ध्यानी घेऊन एक दक्षता घ्यावी. सलग चित्रफीत न बनविता प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून जतन करावी. वीज गेली तरी तोवर झालेल्या चौकटी सुरक्षित राहतात आणि काम पुढच्या चौकटीपासून सुरू करता येते. सर्व चौकटी तयार झाल्यावर ब्लेंडरमध्येच त्या जोडून चित्रफीत करता येते. त्याचप्रमाणे कामाची प्रत रोज नव्या क्रमांकाने जतन करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पात्रांची घाई नको

माणसाचे वा प्राण्याचे पात्र चालविण्याची ओढ प्रत्येक नवशिक्यास असते. त्यासाठी आकाराच्या आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो आणि कोणत्या हाडाने शरीराचा कोणता भाग किती ओढावयाचा हे ठरवावे लागते. कळसूत्री बाहुली नाचविणाऱ्यास कोणती दोरी कोठे बांधावयाची याचे जे भान असते, तेच येथे लागते. दोरी चुकीच्या जागी बांधली तर बाहुली कितीही देखणी असली तरी नाचत नाही. म्हणून तांब्या, दिवा आणि चेंडू हे तीन पाठ पक्के झाल्यावाचून पात्रांकडे वळू नये. तयार सांगाडे उपलब्ध असतात; प्रथम ते वापरून चालण्याचा अभ्यास करावा, स्वतःचा सांगाडा नंतर रचावा.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने केवळ वर्णनावरून चित्रे आणि चित्रफिती तयार करून देऊ लागली आहेत. मग हे शिकण्याचा उपयोग काय, असा प्रश्न पालक विचारतात. तो रास्त आहे, आणि या साधनांमुळे कामाचे स्वरूप बदलत आहे हे त्यांच्यापासून लपवू नये. परंतु यंत्राने दिलेला चेंडू जड का वाटतो, सावली खोटी का दिसते, हे ओळखून दुरुस्त करण्यासाठी आकार, प्रकाश आणि गती यांची जाण लागतेच. ती सरावानेच येते.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे साहाय्य

शाळेत संगणक कक्ष असेल तर आठवड्यातून दोन तास आणि सहा-सात विद्यार्थी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. दोघांनी मिळून एका संगणकावर काम केले तरी हरकत नाही. एक हाताळतो तेव्हा दुसरा पाहून चुका दाखवितो. शिक्षकास सर्व काही आलेच पाहिजे असे नाही. ठरलेल्या दिवशी कक्ष उघडा ठेवणे, प्रत्येकाचे काम पाहणे आणि अर्धवट सोडलेले काम पूर्ण करून घेणे, हे त्याचे खरे कार्य होय.

गावाच्या उपयोगाचे विषयही येथे पुष्कळ सापडतात. नियोजित अंगणवाडीचा कागदावरील नकाशा अनेकांस वाचता येत नाही. त्याच मापांची इमारत संगणकावर उभी करून ग्रामसभेत दाखविली तर दार कोठे, ओटा केवढा, याविषयी ग्रामस्थांना बांधकामापूर्वीच मत देता येते. अभियंत्याच्या नकाशास हा पर्याय नव्हे, परंतु तो समजण्यास त्याचे साहाय्य निश्चित होते. शोषखड्ड्याची रचना किंवा विहिरीतील पाण्याची पातळी मोसमागणिक कशी बदलते, यांसारखे विषय अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत समजावून देता येतात. विद्यार्थ्यास यातून माप, हेतू आणि प्रेक्षक या तिन्हींचे भान येते.

शुल्क भरण्यापूर्वी

तीन-चार महिन्यांच्या अखेरीस विद्यार्थ्याने दहा सेकंदांचे एक चित्र, कितीही साधे असो, पूर्ण करावे. ते पूर्ण झाले, आणि ते करताना रात्र कधी सरली हे कळले नाही असे तो सांगू लागला, तर पुढील शिक्षणाचा विचार अवश्य करावा. चित्र अर्धवट राहिले तर त्यातही काही कमीपणा नाही. मोठा खर्च होण्यापूर्वी गोष्ट स्पष्ट झाली, हा लाभच होय.

संस्था निवडताना काही प्रश्न विचारणे पालकांचा हक्क आहे. शिकविणारे कोण आहेत आणि त्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे काय? मागील विद्यार्थ्यांची कामे पाहावयास मिळतील काय? प्रमाणपत्र कोणाच्या मान्यतेचे आहे? अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास शुल्क परत मिळण्याचे नियम लेखी आहेत काय? नोकरीची तोंडी हमी देणाऱ्याकडून ती लेखी मागावी. या व्यवसायात नेमणूक करणारे प्रमाणपत्रापेक्षा उमेदवाराचे काम प्रथम पाहतात. आकार घडविणारा, सांगाडा रचणारा, गती देणारा, प्रकाशयोजना करणारा अशी कामांची विभागणी असल्याने पुढे एका अंगात प्रावीण्य मिळविणे इष्ट ठरते.

शासन स्तरावरही या क्षेत्राची दखल घेण्यात आली आहे. केंद्र शासनाने २०२२ च्या अर्थसंकल्पात अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी कृतिदल नेमण्याची घोषणा केली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणास मान्यता दिली. अशा धोरणांचा लाभ मुंबई-पुण्यापलीकडील मुलांपर्यंत पोहोचावयाचा असेल तर त्या मुलांच्या हाती पहिली अक्षरे आधी पडली पाहिजेत.

ती अक्षरे गावातच गिरविता येतील. संगणक कक्षाची किल्ली शिक्षकांकडे आहे, चावडीवरचा पडदा ग्रामपंचायतीकडे आहे आणि साधन विनामूल्य आहे. पालक पुढच्या वेळी जाहिरातीचे कात्रण घेऊन सल्ल्यासाठी आले, तर त्यांच्या पाल्यास प्रथम घरातील तांब्या समोर ठेवून बसावयास सांगावे. त्याचा तांब्या गोल झाला आणि चेंडू खराखुरा उसळला की पुढील सल्ला देणे फारसे कठीण राहणार नाही.